पाहुणीशी लढत

शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालेली एसटी भीमेचा पूल ओलांडते, तेव्हा डोळे मिटलेले असले तरी मला कळतं की आपण दौंड तालुक्यात आलो. थंडी नुकती लागलेली असते. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली असते आणि त्या फटीतून उकळत्या रसाचा वास आत येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुऱ्हाळं पेटलेली असतात. धुराड्यांतून काळा धूर सरळ वर चढतो आणि वर गेल्यावर आळसावून पसरतो. शेजारची बाई लेकराला म्हणते, "बघ, गूळ शिजतोय." लेकरू नाक वर करून वास ओढतं. माझं तोंड मात्र कोरडं पडतं. बसल्या जागी उजव्या पायाची टाच आपोआप उचलली जाते आणि मी ती हळूच खाली टेकवते. शिरूरच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे. पोरींना पळवते, शिट्टी फुंकते, चाळिशी ओलांडली. तरी दरवर्षी गुऱ्हाळं पेटली की माझं अंग लढतीला उभं राहतं.

आमचं घर केडगावला, स्टेशनापासून जवळ, विहाराला लागून. आप्पा रेल्वेच्या गँगमध्ये होते, आई लोकांच्या रानात फुलं तोडायला जायची. घरामागं एक गुऱ्हाळ होतं. रस काढून झाला की उसाची चिपाडं तिथं अंगणभर वाळत पडायची आणि त्या चिपाडांच्या थरावर आम्ही कराटे शिकलो. पडलं तरी लागायचं नाही, फक्त अंगाला चिकट कुसळं टोचत राहायची. एकीकडं उत्तर प्रदेशातून आलेली माणसं काहिलीत लांब दांडा फिरवत असायची, दुसरीकडं आम्ही वीस-पंचवीस पोरंपोरी पांढऱ्या कपड्यांत ओरडत असायचो. मला हिंदी आली ती त्या माणसांमुळं.

शिकवायला गव्हाणे सर यायचे. सर भीमेपलीकडचे, वडगाव रासाईचे. रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी करून, मोटरसायकलवर नदी ओलांडून ते यायचे तेव्हा त्यांच्या हातांना अजून ऑइलचा वास असायचा. बोलायचे कमी. "ठोसा मारायला कुणालाबी येतो," ते म्हणायचे, "कातडीपाशी थांबवता आला पाहिजे. थांबवता येतो त्यालाच मारता येतो." आमचा खेळच तसा होता. पूर्ण ताकदीनं सुटलेली मूठ समोरच्याच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबली पाहिजे. जोरात लागली तर मारणाराच गुन्हेगार.

स्पर्धा सरांनीच सुरू केली. पहिल्या वर्षी केडगाव आणि राहू, दोनच गावांची पोरं, शाळेच्या पटांगणात चुन्याच्या रेघा. पुढच्या वर्षी दौंड, पाटस आले आणि फलकावर 'तालुकास्तरीय' असं रंगवून घेतलं. मग शिरूरकडची पोरं आली म्हणून 'जिल्हास्तरीय'. साताऱ्याचा एक संघ वाट चुकल्यासारखा येऊन खेळून गेला, तेव्हा 'राज्यस्तरीय'. फलक तोच असायचा, पेंटर फक्त मधला शब्द पुसून नवा लिहायचा. आणि मी अकरावीत होते त्या हिवाळ्यात सरांनी पेंटरला सांगितलं, "आंतरराष्ट्रीय लिव्ह."

पेंटर हसला. गावही हसलं. सर हसले नाहीत. पुण्यातल्या एका शिबिरात त्यांची नेपाळच्या प्रशिक्षकाशी ओळख झाली होती आणि त्यानं संघ आणायचा शब्द दिला होता. दौंडचं एक मंगल कार्यालय ठरलं. तालुक्यातल्या पुढाऱ्यांना आमंत्रणं गेली. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे दौंड स्टेशनवर उभे राहिलो, तर गाडीचा पत्ता नाही. उत्तरेकडं धुकं होतं, गाडी उशिरा होती. किती उशिरा, ते कुणी नीट सांगेना. स्पर्धेच्या कमिटीतले बापूमामा फलाटावर येरझाऱ्या घालत होते. "गव्हाणे, न्हाई आले तर तो शब्द पुसून टाकायचा का रं?" ते विचारायचे आणि सर गाडी येण्याच्या दिशेनं बघत राहायचे. त्यांच्या जबड्याचा स्नायू हलताना मला दिसत होता. हातातले हार सुकायला लागले होते.

ऊन उतरता उतरता गाडी आली. गर्दीतून आधी एक निळी बॅग बाहेर पडली, मग मूठभर पोरंपोरी उतरल्या, दोन रात्रींच्या प्रवासानं चेहरे सुजलेले. सरांनी हार घालायचे सोडून त्या प्रशिक्षकाला नुसती मिठी मारली.

हॉटेलात उतरवण्याइतकी कमिटीची ऐपत नव्हती. पाहुणे घरोघरी वाटून द्यायचे ठरलं होतं. आमच्या वाट्याला पेमा आली.

ती माझ्याच वयाची होती, माझ्याच उंचीची. केस पोरासारखे कापलेले, हनुवटीवर जुनी खूण. आमच्या घरात शिरताच तिची नजर भिंतीकडं गेली. तिथं बाबासाहेबांची तसबीर होती आणि शेजारी बुद्धाची. तिनं बॅग खाली ठेवली, बुद्धापुढं हात जोडून कपाळाला लावले, मग गळ्याशी, मग छातीशी आणि डोकं जमिनीला टेकवलं. आई चुलीपुढून उठली ती तशीच उभी राहिली.

"आगं, ही आपल्यातली हाय व्हय?"

"बौद्ध आहे ती, आई. नेपाळची."

"म्हंजी लुंबिनीकडची?" आईनं विचारलं. पेमाला तेवढा एक शब्द कळला. तिनं मान हलवली आणि हिंदीत सांगितलं की तिचं गाव लुंबिनीपासून खूप लांब आहे, डोंगरात. मी ते मराठीत सांगायच्या आत आई दारात गेली होती. अर्ध्या तासात आळीतल्या बाया आमच्या ओट्यावर गोळा झाल्या. बुद्धाच्या देशातून पोर आलीय, असं एकमेकींना सांगत त्या तिच्या हातावरून हात फिरवत होत्या. एका म्हाताऱ्या आजीनं तर तिच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. पेमा घाबरून मागं सरकली आणि तिनंच वाकून आजीचे पाय धरले.

"तुम्हारा नाम?" तिनं मला मग विचारलं.

"सुजाता."

ती पहिल्यांदा हसली. "सुजाता? खीर वाली?"

बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताची गोष्ट आम्हां दोघींनाही लहानपणापासून पाठ होती. मीही हसले. आणि हसता हसताच तिनं सहज विचारलं, "किस वज़न में हो?"

"अड़तालीस के अंदर."

तिचं हसू गेलं. तिनं माझ्या खांद्यांकडं पाहिलं, मग मनगटांकडं, मग पायांकडं. मीही तिच्याकडं तसंच पाहत होते. बाया बोलत होत्या, कुणीतरी चहा आणला होता, मागं गुऱ्हाळावर गरम गूळ थंड व्हायला वाफ्यात ओतताना माणसं एकमेकांना हाका मारत होती. त्या सगळ्या गलक्यात आम्ही दोघी एकमेकींची ताकद मोजत बसलो होतो.

मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. सर आमची वजनं गुऱ्हाळाच्या काट्यावर करायचे, गुळाच्या ढेपा उतरवायच्या आणि आम्हाला उभं करायचं. माझं वजन काठावर होतं, घोटभर पाण्यानं पलीकडं जाईल असं. त्या दिवसांत भूक पोटात नसायची, नाकात असायची. पहाटे जागं व्हावं तर गरम काकवीचा वास. अभ्यासाला बसावं तर वहीला तोच वास. गुऱ्हाळावरचा माणूस पळसाच्या पानावर कोवळा गूळ पुढं करायचा, "खा लो, बिटिया," आणि मी तोंडात जमलेलं पाणी गिळायलासुद्धा बिचकायचे.

दिवेलागणीला आईनं ताटं वाढली. गव्हाची खीर केली होती. नवा गूळ, खोबरं, वेलदोडा. पेमाच्या ताटात वाटी काठोकाठ भरलेली. आई समोरच बसली, पदर सावरून, पाहुणी पहिला घास कधी घेते ते बघत.

पेमानं वाटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. तिचे ओठ फुटलेले होते आणि गालांत खड्डे होते, तेव्हा मला कळलं की तीसुद्धा काठावरच आहे. दोन रात्री तिनं गाडीत काहीही खाल्लेलं नव्हतं. सकाळी वजन व्हायचं होतं. तिनं बोट खिरीत बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले, आणि वाटी हळूच पुढं सरकवली.

"माँजी, कल."

आईचा चेहरा उतरला. "गोड झाली न्हाई का?"

"तसं नाही, आई. वजन वाढलं तर तिला खेळू देणार नाहीत. मलाही." मी माझीही वाटी सरकवली.

आईनं दोन्ही वाट्या उचलल्या. "कसला खेळ गं हा? घरी आलेल्या माणसाला उपाशी निजवायचं आन् सकाळी मारायचं?" ती आत गेली. आप्पा मान खाली घालून जेवत राहिले. ते बाहेर हात धुवायला गेले तेव्हा मीही मागोमाग गेले. आई मागल्या दारानं तिथंच येऊन भांडी विसळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाहुणी हाय ती. तिला लागलं-बिगलं तर मला तोंड दाखवू नगंस."

आईनं एकटीनं सांगितलं असतं तर निभावलं असतं. सकाळी दौंडला पोचलो तर मंगल कार्यालयाच्या दारात बापूमामांनी मला बाजूला घेतलं. वधूवरांच्या खुर्च्या भिंतीकडं सरकवल्या होत्या, पुण्याहून टेम्पोनं आणलेल्या निळ्या मॅट मधोमध अंथरल्या होत्या. "सुजाता," मामा हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्यांना रिकाम्या हातानं धाडून चालत न्हाई. एखादं सोन्याचं मेडल त्यांच्याकडं गेलं तर पुढच्या वर्षीबी येत्याल. म्हंजी, तू हर असं मी म्हणत न्हाई. समजून घे."

मी सरांना शोधत गेले. सर वजनाच्या काट्यापाशी होते. मामा काय म्हणाले ते मी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, त्यांचा जबडा पुन्हा हलला. "हे त्यांचं झालं," ते म्हणाले. "मी तुला काय शिकवलंय?" आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ते गेले.

वजनात आम्ही दोघी बसलो. मग पहिल्या लढती झाल्या. मी पाटसच्या मुलीला हरवलं, पेमानं साताऱ्याच्या एकीला बघता बघता संपवलं. दुपारी अंतिम लढतीआधी आम्ही दोघी कार्यालयाच्या मागच्या बाजूला, लग्नाच्या स्वयंपाकाच्या मोठ्या चुलींपाशी, पायाला पट्ट्या बांधत बसलो होतो. ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली. तिला वडील नव्हते. परदेशातलं मेडल असलं तर तिकडं पोलिसांत नोकरी मिळू शकते, असं तिच्या प्रशिक्षकानं सांगितलं होतं. माझा हात पट्टीवर थांबला. आणखी एक कारण माझ्या खांद्यावर येऊन बसलं, असं मला वाटलं.

तिला ते दिसलं असावं. तिनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती, थोडी दुखेल अशी.

"सुजाता. पूरा मारना. नहीं तो मैं समझ जाऊँगी."

मी पट्टीची गाठ आवळली. हॉलमध्ये लाऊडस्पीकरवर आमची नावं पुकारली जात होती.

आजही मी शाळेच्या मैदानावर एखादी मुलगी शेवटच्या फेरीला पाय ओढताना पाहते, तेव्हा मला त्या पकडीची आठवण होते. आपल्याला सांभाळून घेणारी माणसं आयुष्यात खूप भेटतात. सगळं दे, मी घेईन, असं म्हणणारं कुणी भेटावं लागतं, आणि ते नेमकं समोरच्या बाजूला उभं असतं.

मला लाल पट्टा, तिला पांढरा. हॉल गच्च भरला होता. आळीतल्या बाया आईसोबत टेम्पोत बसून आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत होत्या. आमच्या बाया कुणाच्या बाजूनं ओरडावं या पेचात पडून दोन्ही नावांनी ओरडत होत्या. पंचांनी हात खाली केला.

ती वेगवान होती. पहिला गुद्दा माझ्या पोटावर येऊन टेकला तेव्हा तो निघालेलाही मला दिसला नव्हता. अर्धा गुण. मी पायानं परतफेड केली, तिच्या बरगडीवर, नेमकी. अर्धा गुण. मग कुणालाच काही मिळेना. आम्ही एकमेकींभोवती फिरत राहिलो. तिचे डोळे माझ्या छातीवर स्थिर होते. वेळ संपत आला होता. मला फट दिसली. मी सुटले. त्याच क्षणी तीही पुढं आली, आणि जिथं माझी मूठ थांबायची जागा होती, तिथं तिचा चेहरा आधीच येऊन पोचला होता.

आवाज फार छोटा झाला. ती मागं जाऊन बसली, तशीच आडवी झाली. ओठातून रक्त आलं आणि पांढऱ्या कपड्यावर ओघळलं.

पंचांनी मला मागं वळून गुडघ्यांवर बसायला सांगितलं, तो नियम होता. मी भिंतीकडं तोंड करून बसले. मागं काय चाललंय ते दिसत नव्हतं. डॉक्टर आलेले ऐकू आले. मला ठाऊक होतं की तिनं नुसती मान हलवली, मला जमत नाही म्हणाली, तर मी बाद आणि मेडल तिचं. नियमानंच तिचं. पडून राहायचं, एवढंच तिला करायचं होतं.

मग गलका झाला. कुणीतरी "ओ बाई, ओ बाई!" असं ओरडलं. मी नियम मोडून वळून पाहिलं. आई मॅटवर होती. चपला काढायचं भान तिला राहिलं होतं, बाकी कशाचं नाही. पंच हात पसरून तिला अडवत होते, सर धावत येत होते, आणि आई पेमापाशी बसून पदरानं तिचा ओठ पुसत होती. "लई लागलं का गं, बाय? उठू नगंस. पडून ऱ्हा."

पेमानं आईचा हात बाजूला केला. हळूच, पण केला. ती कोपरावर उठली, मग गुडघ्यावर, मग उभी राहिली. डॉक्टरला म्हणाली, "चोट नहीं है. खेलूँगी."

"काय म्हणतीय?" आईनं मला विचारलं.

"खेळते म्हणते."

आई तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. "मग खेळ," ती म्हणाली. "ती उभी ऱ्हायलीय तर तूबी नीट खेळ." आणि सर तिला धरायला आले त्याच्या आत आपणहून मॅटवरून उतरली.

मला ताकीद मिळाली. आणखी एकदा असं झालं तर बाद. उरलेल्या वेळात मी जे काही येत होतं ते सगळं टाकलं. शेवटची लाथ माझ्या सगळ्या शिकण्यातली सर्वांत सुंदर लाथ होती, सर पुढं अनेकदा तसं म्हणाले. पेमा त्या लाथेखालून सरकली आणि तिची मूठ माझ्या पोटावर येऊन थांबली. पांढरा झेंडा वर गेला.

मी हरले.

त्यानंतर जे झालं ते हरण्यापेक्षा जड होतं. बापूमामांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास पोरी. राखलास मान." आळीतल्या बाया कौतुकानं म्हणाल्या, पाहुणीसाठी सोडून दिलं बघा हिनं. ओठ फुटल्यावर मी घाबरून हात आखडला, असं कुणी म्हणालं. मी सांगत होते, नाही हो, मी खरंच हरले, आणि माझ्या सांगण्यानं त्यांची खात्री अजूनच पक्की होत होती. सोळाव्या वर्षी माणसाला आपली हारसुद्धा स्वतःची हवी असते.

पेमाला भाषा कळत नव्हती, पण थापा कळल्या असाव्यात. मेडल गळ्यात घालून ती सरळ माझ्याकडं आली, सुजलेल्या ओठानं, आणि बापूमामांसमोर उभी राहून हिंदीत मोठ्यानं म्हणाली, "इसने पूरा मारा. मैंने जीता." मामा हसले, पाहुणी काहीतरी गोड बोलली असं समजून. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती गेली.

स्पर्धा पुढं दोन-तीन वर्षं भरली. नंतर सरांची पाळी बदलली, पोरं नोकरीला लागली. एका वर्षी ती नुसतीच भरली नाही. आप्पाही गेले. केडगावचं घर पक्कं झालं, मी शिरूरला आले. पेमाचा पत्ता आमच्याकडं नव्हता.

मग काही वर्षांपूर्वी नेपाळात भूकंप झाला. परीक्षा संपून मी केडगावला आले होते. शेवटची गुऱ्हाळं अजून चालू होती. आई टीव्हीसमोर बसली ती उठेना. पडलेली घरं, ढिगारे, ताडपत्रीखाली बसलेली माणसं. एखादी बाई दिसली की आई पुढं सरकून पडद्याला नाक लावायची. "ही न्हाई. ही म्हातारी हाय. ती आता तुझ्याएवढी आसंल ना?" जेवण राहायचं, औषध राहायचं. मी टीव्ही बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. माझं ध्यान हाय." मला तिला सांगता येत नव्हतं की मीही प्रत्येक चेहऱ्याची हनुवटी बघतेय. त्या दुपारी मंगल कार्यालयात नक्की काय झालं हे माझ्याइतकं ठाऊक असलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते त्या ढिगाऱ्यांच्या देशात होतं.

मी गव्हाणे सरांना फोन केला. सर निवृत्त झाले होते, वडगावात शेती बघत होते. "बघतो," एवढंच म्हणाले. त्यांनी कुणाकुणाला विचारलं ते मला माहीत नाही. काही दिवस गेले. आई बोलेनाशी झाली होती. मग एका दुपारी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला होता, मी आयुष्यात पहिल्यांदा तसा ऐकला. "सापडली! पोलिसांत हाय ती. पोरींना शिकवती. घराला तडे गेलेत, पण माणसं बरी हायेत. नंबर लिव्हून घे."

नंबर लावला, घंटा वाजत राहिली, आणि पलीकडून एक जाड, थकलेला आवाज आला. मी म्हणाले, "पेमा? मैं सुजाता. केडगाव." पलीकडं एक लांब श्वास. आणि तेवढ्यात आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

ती मराठीतून बोलायला लागली. थांबेचना. कुठं निजतीस, पाणी मिळतंय का, लेकरं किती, आप्पा गेले गं आमचे. पलीकडून नेपाळीतून उत्तरं येत असावीत, कारण आई मधेच "व्हय, व्हय" म्हणत होती आणि डोळे पुसत होती आणि हसत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी हात पुढं केला.

आईनं माझ्याकडं पाठ फिरवली. "थांब गं जरा," ती म्हणाली, "आमचं बोलून होऊ दे."